पुड्याची मागची बाजू

पार्ल्याचं नाव देशभर गेलं ते बिस्किटांच्या पुड्यावरून. 1929 साली सुरू झालेला इथला कारखाना 2016 मध्ये बंद झाला, तरी पुडे प्रत्येक वाण्याकडे आहेतच. कुठल्याही कंपनीचा एक घ्या आणि उलटा करा.

आधी घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते. पुढे गव्हाचं कणीस छापलंय आणि मागे पहिलं नाव मैद्याचं, तर निकाल तिथेच लागला. साखरेचं तसं नाही. साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, मध असे गोडाचे भाऊबंद वेगवेगळे लिहिले की प्रत्येक जण यादीत खाली सरकतो. आकड्यांना मात्र उगीच घाबरू नये. 500(ii) म्हणजे आपला खायचा सोडा.

मग पोषणाचा तक्ता, आणि खरी मेख इथे आहे. 100 ग्रॅममागचे आकडे द्यावेच लागतात. रोजच्या गरजेची टक्केवारी मात्र एका ‘सर्व्हिंग’ची असते, आणि सर्व्हिंग केवढं ते कंपनी ठरवते. समजा, 100 ग्रॅममध्ये 24 ग्रॅम वरून घातलेली साखर आहे आणि सर्व्हिंग 25 ग्रॅमचं. साखर झाली 6 ग्रॅम. दिवसाला 50 ग्रॅमचा हिशेब धरून तक्ता सांगतो, 12 टक्के. चहात बुडवता बुडवता 100 ग्रॅमचा पुडा संपला, तर तेच 48 टक्के! शिवाय हा हिशेब 2000 कॅलरी लागणाऱ्या प्रौढाचा. बिस्किटं खाणारी नात सात वर्षांची असते.

मीठ शोधायचं तर सोडियम पाहायचं आणि त्याला अडीचने गुणायचं. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. हा गुणाकार पुड्यावर छापायला काय हरकत होती, कळत नाही.

म्हणजे माहिती आहे, पण ती चष्मा, सवड आणि गणित असलेल्यासाठी. भाषेचंही तेच: मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की नियम पाळला गेला, मराठी ऐच्छिक. अगदी छोट्या पाकिटांना तर घटकांची यादी आणि तक्ता दोन्ही माफ आहेत, आणि मुलांच्या हाती नेमकी तीच पडतात.

पार्ल्यातच ग्राहक भवन आहे, मुंबई ग्राहक पंचायतीचं. 1975 साली सुरू झालेली ही संस्था सभासदांसाठी महिन्याचं सामान एकत्र खरेदी करते, त्यामुळे पारख एकदाच होते, सगळ्यांच्या वतीनं. काउंटरवर गर्दीत उभ्या असलेल्या एकट्या माणसाला ती सोय नाही. त्याला पुढच्या बाजूलाच, एका नजरेत कळायला हवं.

चिलीनं 2016 पासून साखर, मीठ, चरबी जास्त असेल तर पाकिटावर काळी अष्टकोनी खूण सक्तीची केली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2022 च्या मसुद्यात अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे सुचवले. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही या विषयात लक्ष घातलं. मला काळी खूण पटते. तारे बेरीज-वजाबाकीतून ठरतात: साखर-मिठाचे दोष धरायचे आणि सुकामेवा, तंतू, प्रथिनं यांचे गुण त्यातून वळते करायचे. बिस्किटात थोडे बदाम टाकले, की साखर तेवढीच ठेवून गुण वाढवता येतात.