ओकोक्कोचं नाव कुठे आहे?

यागान ही मातृभाषा असलेल्या अखेरच्या बाई, क्रिस्तिना काल्देरोन, १६ फेब्रुवारी २०२२ रोजी वारल्या. वय ९३. चिलीच्या पार दक्षिणेला, नावारिनो बेटावरच्या उकिका वस्तीत त्या लव्हाळ्याच्या टोपल्या विणत. बहीण उर्सुला २००३ मध्ये गेली, नात्यातल्या एमेलिंदा आकुन्या २००५ मध्ये. पुढची सोळा-सतरा वर्षं जगभरच्या याद्यांत ‘भाषक : १’ अशी नोंद राहिली. पण ज्या भाषेत उत्तर द्यायला समोर कुणी नाही, तिथे ‘एक’ या आकड्याला काय अर्थ? उलट चिलीच्या २०१७च्या जनगणनेत सुमारे सोळाशे जणांनी स्वतःला यागान म्हणवलं. लोक आहेत, बोलणं गेलं.

गेली कित्येक वर्षं मी या आकड्यांच्या मागे आहे. त्या शोधात हाती लागली ती एका शब्दकोशाची कहाणी.

यागानांच्या मुलखातल्या, म्हणजे तिएरा देल फ्वेगोच्या लोकांचं बोलणं ऐकून डार्विनला ते धड भाषा म्हणण्याजोगंही वाटलं नव्हतं. पुढे थॉमस ब्रिजेस या इंग्रज मिशनऱ्याने यागानचे बत्तीस हजारांवर शब्द टिपले. तो पोरसवदा असताना फॉकलंडमधल्या केपेल बेटावर आला आणि तिथे राहायला आलेल्या ओकोक्को नावाच्या यागान तरुणाकडून व त्याच्या बायकोकडून भाषा शिकला. आपला मराठी कोशकार मोल्सवर्थ शास्त्री-पंडित हाताशी घेऊन बसला होता. ब्रिजेसचे शास्त्री हेच दोघं.

शब्द वाढत होते तेव्हाच माणसं सरत होती. ब्रिजेसने १८८४ मध्ये केलेल्या मोजणीत यागान हजाराच्या आसपास भरले. त्याच वर्षी ब्रिजेसच्या मिशनच्या ठिकाणी, उशुआयात, गोवराची साथ आली आणि दोन वर्षांत ते चारशेच्या घरात आले.

ब्रिजेस १८९८ मध्ये वारला. ‘बेल्जिका’ या अंटार्क्टिक मोहिमेचा डॉक्टर फ्रेडरिक कुक परतीच्या वाटेवर त्याच्या घरी थांबला आणि छापून घेतो म्हणून हस्तलिखित घेऊन गेला. हाच कुक पुढे उत्तर ध्रुवावर आधी आपणच पोचलो, असा दावा करून बदनाम झाला. काही वर्षांनी मोहिमेच्या अहवालमालेत कोश छापायला गेला, तेव्हा मुख्य श्रेय कुकच्या नावे होतं. ब्रिजेस कुटुंबाने हरकत घेतली, गाजावाजा झाला आणि छपाई थांबली. पहिल्या महायुद्धात बाड दिसेनासं झालं. हेस्टरमान या जर्मन भाषाशास्त्रज्ञाच्या हाती ते लागलं आणि १९३३ मध्ये, मानववंशशास्त्रज्ञ मार्टिन गुसिंडेच्या साथीने, ऑस्ट्रियातल्या म्योडलिंगला ते छापून निघालं. लेखक म्हणून नाव ब्रिजेसचं. मूळ हस्तलिखित आज लंडनला आहे.

कुकने केली ती चोरीच; तिला दुसरा शब्द नाही. पण ब्रिजेसला न्याय मिळाला म्हणून हिशेब पुरा झाला, हे मला मान्य नाही. शब्द ज्यांच्या तोंडचे, त्या ओकोक्को आणि त्याच्या बायकोचं नाव मुखपृष्ठावर नाही.

क्रिस्तिना काल्देरोन यांची लेक लिदिया गोन्सालेस २०२१ मध्ये चिलीच्या घटना परिषदेत यागान समाजाच्या जागेवर निवडून गेली. आईच्या तोंडून ऐकलेली भाषा टिकावी म्हणून ती झटते आहे. ब्रिजेसचा कोश पुन्हा कुणी छापणार असेल, तर पहिली प्रत लंडनला न जाता उकिकाला जावी. आणि मुखपृष्ठावर ओकोक्को दांपत्याचं नाव ब्रिजेसच्या बरोबरीने, त्याच टायपात असावं.