गृहभेट सेवेच्या नोंदी व नव्या साधनाची निवड

आपल्या रुग्णालयाच्या गृहभेट सेवेतील परिचारिका रुग्णाच्या घरी जाऊन वेदनेची तीव्रता, दिलेली औषधे, मॉर्फिनची मात्रा व जखमेची स्थिती यांची नोंद मोबाइलवरील आज्ञावलीत करतात. रात्री-अपरात्री त्रास वाढल्यास कर्तव्यावरील डॉक्टर हीच नोंद पाहून कुटुंबीयांना सल्ला देतात. अहवाल वर्षात ही आज्ञावली नव्या साधनावर उभारण्याचे काम विश्वस्त मंडळाने हाती घेतले. सुरळीत चाललेली गोष्ट बदलण्यासाठी देणगीचा पैसा का खर्च करावा, असा प्रश्न हितचिंतकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून हे निवेदन.

परिचारिकांकडे अँड्रॉइडचे मोबाइल आहेत, तर काही डॉक्टरांकडे आयफोन. दोहोंसाठी स्वतंत्र आज्ञावल्या लिहिल्यास खर्च वाढतोच. शिवाय दोहोंतील नोंदींत तफावत पडण्याचा धोका राहतो. एकदा लिहिलेली आज्ञावली दोन्हीकडे चालावी यासाठी काही खास साधने उपलब्ध आहेत. आपली आज्ञावली त्यांपैकी ‘झॅमरिन’वर बांधलेली होती. हे साधन बनवणारी कंपनी मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विकत घेतली आणि १ मे २०२४ रोजी झॅमरिनचे तांत्रिक साहाय्य संपुष्टात आले.

साहाय्य संपले म्हणून आज्ञावली त्याच दिवशी बंद पडत नाही. अडचण येते ती दुरुस्तीच्या वेळी. झॅमरिनची मजल अँड्रॉइड १४ पर्यंतच होती. गूगल प्लेने ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या व सुधारित आज्ञावल्या अँड्रॉइड १५ साठी बांधलेल्या असाव्यात, अशी अट घातली. अ‍ॅपलनेही एप्रिल २०२५ पासून आपल्या बांधणी-साधनाची नवी आवृत्ती सक्तीची केली. परिणामी, औषधाच्या हिशेबात एखादा बदल करावयाचा झाल्यास तो परिचारिकांच्या हाती पोहोचवण्याचा नेहमीचा मार्गच खुंटतो.

आपल्यापुढे प्रामुख्याने तीन पर्याय होते. पहिला गूगलचा ‘फ्लटर’. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. पडद्यावरील प्रत्येक घटक तो स्वतः रेखाटतो. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या मोबाइलवर रूप सारखे दिसते. परंतु त्यासाठी सर्व आज्ञावली ‘डार्ट’ या भाषेत नव्याने लिहावी लागते. दुसरा पर्याय फेसबुकने २०१५ मध्ये खुला केलेला ‘रिअ‍ॅक्ट नेटिव्ह’. त्याची जावास्क्रिप्ट भाषा जाणणारे तंत्रज्ञ सहज मिळतात; मात्र पुनर्लेखन येथेही अटळ. तिसरा झॅमरिनचाच वारस, मे २०२२ मध्ये आलेला ‘डॉट नेट माउई’. त्यात पडद्यांची मांडणी काही अंशी बदलावी लागते. पण ‘सी शार्प’ भाषेत लिहिलेले हिशेब बहुतांशी जसेच्या तसे नेता येतात.

निर्णय या हिशेबांवरच ठरला. उदाहरणार्थ, मॉर्फिन चालू असताना अचानक उसळणाऱ्या वेदनेसाठी द्यावयाची जादा मात्रा २४ तासांच्या एकूण मात्रेच्या साधारण एक-षष्ठांश धरतात. डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा या प्रमाणाबाहेर गेली, तर आज्ञावली परिचारिकेला सावध करते. अशी कसोटीला उतरलेली सूत्रे परक्या भाषेत पुन्हा लिहिताना एक दशांशचिन्ह चुकले तरी त्याची झळ रुग्णाला बसेल. म्हणून मंडळाने तिसरा पर्याय स्वीकारला.

या पर्यायालाही मर्यादा आहे. माउईच्या प्रत्येक आवृत्तीला सुमारे १८ महिनेच साहाय्य मिळते. त्यामुळे देखभाल हा एकदाचा खर्च नसून दरवर्षीचा आहे, हे देणगीदारांनी जाणून घ्यावे. त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद केली आहे.

कोणतेही साधन चिरकाल टिकत नाही. रुग्णाची नोंद मात्र टिकली पाहिजे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्या लागतात व मागणी आल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. घरी उपचार घेणाऱ्या रुग्णांनाही आपण हाच दंडक लावतो. म्हणून कंत्राटात तीन अटी घातल्या आहेत. मोबाइलमधील नोंदी ‘एस्क्यूलाइट’ या खुल्या स्वरूपात राहतील. त्याच्या निर्मात्यांनी २०५० पर्यंत ते सांभाळण्याचा मानस जाहीर केला आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच साठवला जाईल, जेणेकरून एखाद्या फाँटवाचून तो निरर्थक ठरणार नाही. आणि आज्ञावलीची मूळ संहिता न्यासाच्या मालकीची राहील.

दोन्ही आज्ञावल्यांतील नोंदी ताडून पाहून त्या तंतोतंत जुळेपर्यंत परिचारिका कागदी नोंदवहीही भरतील. या दुहेरी श्रमांबद्दल त्यांचे, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या या कामासाठी साहाय्य करणाऱ्या देणगीदारांचे विश्वस्त मंडळ मनःपूर्वक ऋणी आहे.