कात्री आधी, सुई नंतर

लखनौमध्ये गोमतीच्या उत्तरेला अलीगंज ही वस्ती आहे. तिथल्या कपूरथला बाजारात चिकनचा चांगला कुर्ता दिसला, तर त्याच्या शिवणी आधी पाहाव्यात. वेल गळ्याच्या वळणाबरोबर वळते, बुट्टी खांद्याच्या जोडाशी येऊन नेमकी थांबते आणि एकही फूल शिवणीत अर्धे कापले जात नाही. याचे श्रेय भरणाऱ्या बाईइतकेच कापड बेतणाऱ्यालाही आहे. पारंपरिक चिकनकारीत कुर्ता आधी बेतून कच्चा शिवतात. मग छीपी लाकडी ठशांनी, डिंक घातलेल्या निळीने नक्षी उठवतो. त्यानंतर ते कापड जुन्या लखनौतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायकांकडे भरायला जाते, आणि शेवटी धोबी निळीची खूण धुऊन काढतो. २००८ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कौतुक मात्र नेहमी टाक्यांचेच होते, मुर्री, फंदा, बखिया यांचे. माझ्या मते या कलेचा पाया कात्रीच्या पहिल्या कापात आहे.

पुरावा हवा असेल तर जाळी पाहावी. चिकनच्या जाळीत धागा कापत नाहीत आणि ओढूनही काढत नाहीत. सुईने उभे-आडवे धागे बाजूला सारून टाक्याने आवळतात आणि त्यातून छिद्रे तयार होतात. म्हणून कापड विरळ विणीचे लागते, आणि ते धाग्याच्या सरळ रेषेत बेतलेले लागते. तुकडा तिरका कापला गेला तर छिद्रांच्या ओळी अंगावर तिरक्या दिसतात, आणि हात कितीही तयार असला तरी ती चूक भरताना सुधारत नाही. आपल्याकडे मॅटीवर फुलीचा टाका घालणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे, कारण तिथे तर प्रत्येक फुली धागे मोजूनच पडते. मॅटी कापताना डोळ्यांवर विसंबू नये. एक धागा ओढून काढावा आणि उरलेल्या रेषेवर कात्री चालवावी. उभ्या धाग्याची बाजूही खुणेने नोंदवून ठेवावी, कारण साध्या मॅटीत उभी आणि आडवी मोजणी पुष्कळदा सारखी नसते आणि चौकोनी मोर लांबट होतो. इंचाला १४ घरे असतील आणि नमुना १४० बाय ९८ फुल्यांचा असेल, तर भरलेला भाग १० बाय ७ इंच होतो. चारही बाजूंना तीन-तीन इंच माया सोडली की १६ बाय १३ इंचांचा तुकडा लागतो. चौकट करताना ही मायाच कामी येते.

आधी कापण्यावर एक आक्षेप रास्त आहे. कापलेल्या कडेच्या दशा सुटतात, भरण्याला महिने लागतात, आणि शेवटच्या धुण्यात सुती कापड आटते. पण हे तोटे टाळता येतात. आटण्याचा अंदाज घेऊन आधीच माया सोडता येते, आणि फुलीच्या कामात कडेला काज टाका किंवा मशिनची नागमोडी शिलाई पुरते. दुसरा आक्षेप बाजाराचा आहे. गिऱ्हाइकाला आपल्या मापाचे शिवायचे असते, म्हणून आज न शिवलेले भरलेले कापडही भरपूर विकले जाते. साडीला तर बेतणे नसतेच. हे मान्य केले तरी फरक राहतोच. कुठे कापले जाईल हे ठाऊक नसले की बुट्टे समान अंतरावर पसरावे लागतात, आणि शिंपी नंतर त्यातले काही कापून टाकतो. कुणाच्या तरी डोळ्यांची मेहनत मग चिंध्यांत जाते, आणि मला ते फार वाईट वाटते.

कापडाची साठवणही या कामाचाच भाग आहे. चिकनचे कापड अनेक हातांतून फिरते आणि शेवटी धोब्याकडे जाते, त्यामुळे वाटेतला मळ निघतो. घरच्या मॅटीला तो धोबी नाही. काम थांबवताना रिंग काढावी, नाहीतर तिचा वळ बसतो. खुणेच्या पेनाचे डाग धुण्याआधी इस्त्री फिरवू नये, काही डाग उष्णतेने पक्के होतात. खळ घातलेल्या कापडाला कसर लवकर लागते, म्हणून ते खळ काढून, पूर्ण वाळवून ठेवावे. घडीची रेघ भरलेल्या टाक्यांवर उमटते, तेव्हा गुंडाळी बरी. वर प्लास्टिक नको, त्यात ओल कोंडते आणि पांढरे कापड पिवळे पडते. धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळावे, आणि प्रत्येक गुंडाळीला इंचातली घरे व उभ्या धाग्याची दिशा लिहिलेली चिठ्ठी टाचावी.