माहिती चौकट : क्रोशाचे स्तन, मोफत

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला ब्लाउज नीट बसावा, चारचौघींत संकोच वाटू नये, म्हणून स्वयंसेवी बायका सुती दोऱ्याचे स्तन विणून देतात. या विणलेल्या स्तनांना ‘निटेड नॉकर्स’ म्हणतात. या आजारातून गेलेल्या बार्बरा डेमोरेस्ट यांनी अमेरिकेत ही चळवळ उभी केली. भारतात मुंबईच्या साइशा इंडिया फाउंडेशनने ती रुजवली. विणणारीला मजुरी नाही आणि घेणारीकडून पैसे नाहीत.

गरज किती मोठी आहे? २०२२ मध्ये भारतात या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज होता. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन हजारो रुपयांचा, शिवाय जड. कडक उन्हाळ्यात त्याखाली घामाने काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

क्रोशाचा स्तन हलका असतो. लोकर टोचते, म्हणून दोरा मऊ सुतीच हवा. आत धुता येणारा कृत्रिम कापूस भरतात. मागची बाजू दोरी ओढून बंद होते, त्यामुळे कापूस कमी-जास्त करून माप जुळवता येते. नेहमीच्या ब्रामध्ये तो बसतो. जखम भरल्यावर, डॉक्टरांना विचारूनच वापरायचा.

लहानशा गावातही हे काम सुरू करायला यंत्र लागत नाही, वीजही नाही. क्रोशाची सुई, दोरा, कृत्रिम कापूस आणि ठरलेला नमुना पुरतो. नमुना मात्र काटेकोर पाळावा. टाके सैल पडले तर कापूस बाहेर डोकावतो.