तेलाची नळी किती जाड हवी?

इंजिन बदलताना : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण शेवरलेचं ६.२ लिटरचं एलएस३ व्ही८ इंजिन माझदा आरएक्स-७च्या बॉनेटखाली बसवून त्याचे माउंट आवळले. आता तेलाकडे वळू. तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७मध्ये ऑइल कूलर मुळातच असतो, कारण रोटरी इंजिनात रोटर आतून थंड ठेवण्याचं काम तेलच करतं. कूलर आहे, नळ्याही आहेत, मग त्याच जोडून मोकळं व्हावं असा मोह होतो. पण त्या नळ्या जुन्या इंजिनाचा पंप आणि त्याची मांडणी धरून दिलेल्या असतात. दुसऱ्या टोकाला ‘जितकी जाड तितकी चांगली’ म्हणणारे भेटतात. दोघेही एक प्रश्न विचारायचा विसरतात : या नळीतून तेल पुढे ढकलतंय कोण?

आधी मापांचा उलगडा. अशा कामात एएन मापाच्या फिटिंग्ज वापरतात. अमेरिकी लष्कर आणि नौदलाच्या जुन्या मानकातून आलेलं हे माप आहे. त्यातला आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग. एएन-१० म्हणजे १०/१६ इंच, सुमारे १५.९ मिमी. मात्र हा व्यास त्या फिटिंगला जुळणाऱ्या धातूच्या नळीचा, तोही बाहेरून मोजलेला. एएन-१० होजचं आतलं भोक साधारण १४ मिमी भरतं, एएन-८चं ११ आणि एएन-१२चं साडेसतरा. हिशेब नेहमी आतल्या भोकाचा करायचा.

आता पहिली नळी : इंजिनातून कूलरकडे आणि परत. इथे तेल ढकलतो पंप. एलएस इंजिनात तेलाच्या फिल्टरच्या वर, संपवर एक छोटी झाकणपट्टी असते. ती काढून अडॅप्टर बसवला की तेल कूलरकडे वळवता येतं. जाऊन-येऊन तीन मीटर होज आणि मिनिटाला ३० लिटर तेल धरू. ५डब्ल्यू-३० तेल ४० अंशांवर असताना एएन-१० होजमध्ये सुमारे ०.८ बार दाब खर्ची पडतो आणि एएन-८मध्ये २.२ बार. भोक तीनच मिलिमीटरने लहान, पण भुर्दंड अडीचपटीहून जास्त, कारण संथ वाहणाऱ्या दाट तेलाचा दाबव्यय व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. तेल १०० अंशांवर पातळ झालं की हेच आकडे साधारण ०.३५ आणि १.१ बारवर येतात. त्यात कूलर आणि फिटिंग्जचा व्यय वेगळा.

हा व्यय कोणाच्या वाट्यातून जातो ते महत्त्वाचं आहे. जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह पंपातच असतो. त्याला कळतो पंपापाशी असलेला दाब, बेअरिंगपाशी असलेला नाही. नळी अरुंद असली की पंपापाशी दाब चढतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि कूलर ओलांडून बेअरिंगकडे निघालेलं तेल कमी पडतं. म्हणून या जोडणीला एएन-१० घ्यावी.

दुसरी नळी ओढणारी. ड्राय संप बसवला तर टाकीतलं तेल पंपाला बाहेरच्या नळीतून खेचावं लागतं. पंप कितीही दणकट असला तरी ओढण्याच्या बाजूला त्याच्या हाती असतो तो फार तर वातावरणाचा दाब, म्हणजे जेमतेम एक बार. ०.८ बारचा जो व्यय कूलरच्या नळीत चालून गेला, तो इथे जवळजवळ सगळी पुंजी संपवेल. तेलात बुडबुडे सुटतील आणि पंप तेलाऐवजी फेस ढकलू लागेल. म्हणूनच टाकीपासून पंपापर्यंत एएन-१६ वापरतात, आणि तीही शक्य तितकी आखूड.

तिसऱ्या नळीला कोणीच ढकलत नाही. टर्बो बसवला असेल तर त्यातून संपकडे परतणारं तेल निव्वळ उतारावरून वाहतं. ३० सेंटिमीटर उंचीच्या तेलाचा दाब किती? सुमारे ०.०२५ बार. शिवाय ते फेसाळलेलं असतं. त्यामुळे टर्बोला तेल पुरवणारी नळी एएन-४ची पुरते, पण परतीची एएन-१० लागते. ती सलग उतरती हवी आणि संपमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी. ती तुंबली तर तेल टर्बोच्या सीलमधून बाहेर येतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो.

मग सगळीकडे सरसकट जाड नळी का नको? तीन मीटर एएन-१० होजमध्ये जवळपास अर्धा लिटर तेल मावतं, एएन-१२मध्ये पाऊण लिटरच्या आसपास. तेवढं तेल जास्त भरा, तेवढंच जास्त तापवा. जाड होजला वळायला जागा लागते आणि अरुंद बॉनेटखाली ती एक्झॉस्टला किंवा चॅसिसला टेकते. स्टीलची वेणी असलेली होज ज्याला घासेल त्याला करवतीसारखी कापते, म्हणून क्लॅम्प लावूनच न्यावी. फिटिंग काटकोनी घ्यायची झाल्यास वाकवलेल्या नळीची घ्यावी. आतून कोपरा असलेली ठोकळेवजा एल्बो घेतली तर होजच्या मापाने वाचवलेला दाब तिथे थोडाफार वाया जातो.

तेव्हा खरेदीआधी कागदावर प्रत्येक नळीपुढे तीन गोष्टी लिहा : ढकलणारं कोण, लांबी किती, बाक किती. माप त्यानंतर ठरवा. कूलरच्या जोडणीत थर्मोस्टॅटही घ्या, म्हणजे थंड, दाट तेलाला लांबचा फेरा पडणार नाही.

पुढच्या आठवड्यात : रेडिएटर, आणि व्ही८च्या उष्णतेला पुरेशी हवा कुठून आणायची.