गधेगाळ: शाप कोणाला, कशासाठी

कोकणात देवळाच्या आवारात, शेताच्या बांधावर एखादा उभा दगड दिसतो. वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेली अक्षरे, खाली गाढव आणि स्त्री यांचा समागम. हा गधेगाळ. कुठे त्याला शेंदूर फासून देव म्हणून पुजतात, कुठे अपशकुनी म्हणून पालथा पाडून ठेवतात. खरे तर तो जमिनीच्या दानाचा जाहीर हुकूम आहे. राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने देवस्थानाला वा ब्राह्मणाला जमीन अथवा तिचे उत्पन्न दिले, की ते कोणी, कोणाला, केव्हा दिले हे कोरून दगड सर्वांच्या नजरेसमोर रोवायचा. चंद्र-सूर्य ही दानाची मुदत: ते आहेत तोवर दान चालू.

खालच्या चित्रावरून सर्वांत मोठा घोटाळा होतो. पूर्वी गुन्हेगार बायकांना अशी शिक्षा देत, असे कुणी सांगतो. ही शिक्षा नव्हे. दान मोडणाऱ्याला त्याच्या आईवरून दिलेली शिवी आहे. मुंबईत परळला सापडलेल्या, शिलाहार राजा अपरादित्याच्या 12व्या शतकातल्या लेखाचा मजकूर संस्कृत आहे, शेवटची शापवाणी मात्र मराठीत. जमीन हिरावणारा 60,000 वर्षे विष्ठेतला किडा होईल, असा धाक संस्कृत दानपत्रे घालत. पण ती कोरलेला ताम्रपट दान घेणाऱ्याच्या घरात राहायचा. बांधावरच्या दगडाला निरक्षर माणसालाही दम भरायचा होता, आणि ते काम चित्र करत होते. गुन्हा एकाचा आणि विटंबना त्याच्या आईची, हे आज बोचते, बोचायलाच हवे. म्हणून दगड फोडून टाकणे मात्र चूक आहे. त्या काळच्या समाजाने स्त्रीकडे कसे पाहिले, याचाही तो पुरावा आहे.

काही अभ्यासक यात आणखी एक अर्थ पाहतात. ही स्त्री म्हणजे भूमी, आणि गाढव म्हणजे तिचे उजाड होणे. गाढवाचा नांगर फिरवणे म्हणजे गाव बेचिराख करणे, हे आपल्याला ठाऊकच आहे. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्यावर तो फिरवल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. मला हा अर्थ पटण्याजोगा वाटतो, पण लेखांतली शिवी थेट आईचीच आहे, हे विसरता येत नाही.

गधेगाळ फक्त शिलाहारांचे, हाही समज खरा नाही. यादवकाळातही ते उभारले गेले, आणि अलिबागजवळच्या नागावच्या शके 1289च्या लेखात तर शकाबरोबर हिजरी सनही आहे. राज्यकर्ते बदलले, शाप तोच राहिला. शेजारच्याच आक्षीचा गधेगाळ मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत धरला जातो. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके 934, म्हणजे इ.स. 1012, असा वाचला. काही अभ्यासक तो सुमारे दोन शतके उशिराचा मानतात.

गधेगाळाहून वीरगळ वेगळा. त्यावर लढणारा वीर असतो. तो मृताचे स्मारक. आणि दोहोंखालीही धन पुरलेले नसते. त्या लोभाने खणणाऱ्यांनी गधेगाळ उपटला, की नेमकी कोणती जमीन दान दिली होती याचा धागाच तुटतो. ऑइलपेंट आणि सिमेंटनेही अक्षरे बुजतात. असा दगड आढळला तर तो हलवू नये, घासू नये. तिरप्या उजेडात फोटो काढून पुरातत्त्व विभागाला कळवावे.