एक्सप्लेनर : लहान मुलांना कपिंग थेरपी सुरक्षित आहे का?

राजारामपुरी (कोल्हापूर) : २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे गोल जांभळे डाग जगभर चर्चेत आले आणि 'कपिंग' हा शब्द घरोघरी पोहोचला. मोठ्यांच्या कंबरदुखी-मानदुखीवरचा हा उपचार सर्दी, खोकला, पोटदुखी किंवा अंथरुणात लघवी होते म्हणून मुलांवर करावा का? राजारामपुरीच्या गल्ल्यांमध्ये आधुनिक वैद्यकापासून आयुर्वेदापर्यंतचे दवाखाने हाकेच्या अंतरावर आहेत. त्यामुळे पालकांपुढे पर्याय अनेक असतात. थोडक्यात उत्तर असे : तान्ह्या बाळांना कपिंग नको. मोठ्या मुलांनाही बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको.

कपिंग म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे यालाच 'तुंबडी लावणे' म्हणतात. कपातील हवा तापवून किंवा पंपाने ओढून आतला दाब कमी केला जातो. बाहेरचा दाब जास्त राहिल्याने त्वचा कपात ओढली जाते. 'ड्राय' प्रकारात एवढेच होते. 'वेट' प्रकारात, म्हणजे युनानीतील हिजामामध्ये, त्वचेवर बारीक चिरा देऊन रक्तही काढतात. उठणारे डाग म्हणजे शरीरातून निघालेले 'विष' नव्हे. त्वचेखालच्या केशवाहिन्या फुटून साकळलेले ते रक्त असते.

फायदा होतो का?

बहुतेक अभ्यास मोठ्यांच्या वेदनांवर झाले आहेत आणि त्यांचा दर्जाही मर्यादित आहे. मुलांचा खोकला, दमा किंवा प्रतिकारशक्ती यांसाठी विसंबावे असा ठोस पुरावा नाही.

मुलांना धोका जास्त का?

* बाळाची त्वचा पातळ असते. फोड, भाजणे, जंतुसंसर्ग आणि कायमचे व्रण यांची भीती अधिक. इसब असेल तर ते चिघळू शकते.
* बाळाच्या शरीरात किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे ५ किलोच्या बाळात सुमारे ४०० मिलिलिटर. त्यातून ४० मिलिलिटर गेले, तर दहावा हिस्सा गेला.
* 'दुखतंय, थांबवा' हे बाळ सांगू शकत नाही.
* डोक्यावर कपिंग केल्यानंतर कवटीच्या आत रक्तस्राव झाल्याची दुर्मीळ प्रकरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

पण परंपरेत तर आहे?

आहे, पण भेद करून. सुश्रुत संहितेत रक्तमोक्षणासाठी शिंग, भोपळ्याची तुंबडी आणि जळू अशी साधने सांगितली आहेत. त्यातही बालक, वृद्ध आणि दुर्बल यांच्यासाठी सर्वांत सौम्य म्हणून जळूचा उल्लेख येतो. मोठ्यांना जे चालते ते मुलांना चालतेच असे नाही, हे जुन्या वैद्यांनीही ओळखले होते.

सर्वांत मोठा धोका कोणता?

वाया जाणारा वेळ. फेब्रुवारी २०२५मध्ये मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात अवघ्या २२ दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने ६५ डागण्या दिल्याचे उघड झाले. बाळाला रुग्णालयात हलवावे लागले. डागण्या आणि कपिंग एकच नाहीत. डागणी हा थेट अघोरी प्रकार आहे. पण धडा दोन्हीकडे तोच : बाहेरून त्वचेवर काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि आतला आजार तसाच वाढत राहतो.

पालकांनी काय करावे?

बाळ दूध ओढत नसेल, झटके येत असतील, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा पोट उडत असेल, तर कोणताही घरगुती प्रयोग न करता रुग्णालय गाठा. दोन महिन्यांखालील बाळाला ताप आला तरी हेच करा. शांत असताना श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास ही धोक्याची खूण आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. शहरात सीपीआर रुग्णालयाचा पर्यायही आहे.

मोठ्या मुलासाठी कोणी कपिंग सुचवलेच, तर उपचार करणाऱ्याची वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी विचारा. 'खात्रीशीर गुण' अशा जाहिरातींपासून सावध राहा. ताप, फेफरे, उंची अशा अनेक बाबींवर औषध किंवा उपचाराच्या जाहिराती करण्यास १९५४च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मनाई आहे. कपिंग आधीच झाले असेल, तर डॉक्टरांपासून ते लपवू नका. नाहीतर पाठीवरचे डाग मारहाणीचे किंवा रक्ताच्या आजाराचे समजले जाऊ शकतात आणि तपासणी भलत्याच दिशेने जाते.